एक ‘चार्ज’, ओझी अनेक

या महिन्याच्या टपालात एकच इंग्रजी शब्द वेगवेगळ्या तालुक्यांतून आलाय. कुणी तो मुलाच्या अभ्यासापायी विचारलाय, कुणी बँकेच्या कागदापायी, कुणी नदीच्या पाण्यापायी. म्हणून ‘चार्ज’वरची पत्रं एकत्रच घेते.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नववीला आहे. त्याच्या गाईडमध्ये ‘चार्ज’ या शब्दाचे अकरा अर्थ दिलेत. रात्री पाठ करतो, सकाळी विसरतो. घरात तर आम्ही हा शब्द दिवसभर बोलतो. “फोन चार्जला लावूलालो” म्हणतो, नव्या हेडमास्तरांनी चार्ज घेतला म्हणतो, टेम्पोवाल्याला “चार्ज किती सांगा की” म्हणतो. एका शब्दाला इतके अर्थ कसे? आणि ते लक्षात तरी कसे ठेवायचे? (एक आई, खानापूर तालुका)

उत्तर : ताई, ती यादी आजपासून पाठ करायला लावू नका. बेळगावात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि अशा याद्यांवर माझा पहिल्यापासून राग आहे. यादीत अर्थ सुटे पडतात. मुलाला वाटतं, इंग्रजांनी लहर लागली म्हणून एकाच शब्दाला अकरा अर्थ चिकटवले. तसं नसतं. एका अर्थातून दुसरा निघतो, आणि तो कसा निघाला हे एकदा कळलं की पाठांतराची गरजच उरत नाही.

‘चार्ज’च्या मुळाशी एक गाडी आहे. गॉल लोकांच्या बोलीतून लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ हा शब्द आला, म्हणजे माल वाहणारी चाकाची गाडी. त्यावरून पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये ‘कार्रिकारे’ हे क्रियापद झालं : गाडीत माल भरणे. तेच फ्रेंचमध्ये गेलं आणि तिथून इंग्रजीत. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंडचे राज्यकर्ते झाले, त्यानंतर असे शेकडो शब्द इंग्रजीत उतरले, त्यांतलाच हा. ‘कार’, ‘कॅरी’, ‘कार्गो’ ही सगळी त्याच घरातली. ‘कॅरिकेचर’सुद्धा. इटालियनमध्ये ‘कारिकारे’ म्हणजे लादणे. कुणाच्या नाकावर, हनुवटीवर जास्तीचा भार टाकून काढलेलं चित्र ते कॅरिकेचर.

माझं माहेर निपाणीकडचं. तंबाखूचे बोद उंच रचून दोरानं आवळलेल्या गाड्या लहानपणी रोज दारावरून जायच्या. त्यामुळे वर्गात हा शब्द आला की मी फळ्यावर भरलेली बैलगाडी काढायची आणि पोरांना विचारायची, हे ओझं गाडीतून काढून माणसाच्या डोक्यावर ठेवलं तर काय होईल? कुणीतरी म्हणायचं, “जबाबदारी पडली.” बरोबर, हेडमास्तरांनी घेतलेला चार्ज तो हाच. आता ओझं खिशावर ठेवा. खर्च आला, म्हणजे टेम्पोवाल्याचा चार्ज. ओझं नावावर ठेवा. आरोप झाला. बंदुकीच्या नळीत ठेवा. दारू ठासली. अकरातले बहुतेक अर्थ पोरं स्वतःच सांगायची. गाईडचं पान उघडायची वेळच यायची नाही.

आणि खरं सांगू का, हे सगळं मराठीनं आधीच करून ठेवलंय. आपण पदभार म्हणतो, कार्यभार म्हणतो, प्रभारी अधिकारी म्हणतो. तिन्हीत भार आहे. ‘भरणे’ हे क्रियापद बघा. आपण गाडी भरतो, बंदूक भरतो, लाईट बिल भरतो, दंड भरतो आणि कुणावर तरी खटलाही भरतो. ‘भार’ आणि ‘भरणे’ दोन्ही संस्कृतातल्या ‘भृ’ धातूचे. इंग्रजीतले ‘बेअर’ म्हणजे वाहणे आणि ‘बर्डन’ म्हणजे ओझे, हे त्याच धातूचे लांबचे भाऊबंद आहेत. म्हणजे तुमचा मुलगा ‘चार्ज’ शिकतो तेव्हा त्याला परक्या मुलखात जावं लागत नाही. त्याच्या जिभेवर ही चाल आधीपासून आहे, ती त्याला दाखवून देणारं कुणीतरी हवं. मराठी माध्यमातली मुलं इंग्रजीत कच्ची असतात हे आपल्या भागात किती सहज बोललं जातं! मला ते कधीच पटलं नाही. त्यांच्या मराठीचा इंग्रजी शिकवताना उपयोगच कुणी करून घेत नाही, हे माझं दुखणं आहे.

एक अर्थ थोडा वाकडा आहे, तो नीट समजून घ्यायला सांगा. चार्ज म्हणजे चाल करून जाणे, हल्ला चढवणे. इथे ओझं कुठे आलं? आधी चार्ज म्हणजे शस्त्र भरणं, सज्ज करणं. मग भाला किंवा संगीन पुढे रोखून हल्ल्याच्या पवित्र्यात धरणं. आणि रोखलेलं शस्त्र घेऊन धावत सुटणं, तोही चार्जच. घोडदळाच्या घोड्याला म्हणून ‘चार्जर’ म्हणत. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, तिथल्या कुणा निवृत्त जवानाला विचारलं तर तो संगिनीचा चार्ज मुलाला उभं राहून करून दाखवील. पोलिसांचा ‘लाठीचार्ज’ याच अर्थाचा. तो शब्द आपल्या देशातला, इंग्लंडात ‘बॅटन चार्ज’ म्हणतात. मराठीत लिहिताना मात्र ‘लाठीमार’ लिहावं. छोटा आणि नेमका शब्द आहे.

प्रश्न : शेतीसाठी काढलेलं कर्ज फेडून झालं, तरी उताऱ्यावर बँकेचा ‘चार्ज’ दिसतो असं इंग्रजी कागदात लिहून आलंय. चार्ज म्हणजे आरोप ना? माझ्यावर काही केस केली आहे का? (एक शेतकरी, निपाणी भाग)

उत्तर : दादा, केस नाही, घाबरू नका. हा चार्ज म्हणजे बोजा. आपल्याकडे जुनी माणसं म्हणतातच की, “जमिनीवर बोजा चढवलाय.” इंग्रजी कायद्यानं जे लिहिलं तेच आपल्या माणसांनी त्याच अर्थाच्या शब्दानं म्हटलं. कर्नाटकातल्या पहाणीवर, म्हणजे आपण ज्याला उतारा म्हणतो त्यावर, हक्क आणि ऋणं यांचा रकाना असतो. बँकेची नोंद तिथे येते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात बोजा आणि गहाण हे वेगळे धरलेत. कलम ५८ मधल्या गहाणात मालमत्तेतला काही हक्क कर्ज देणाऱ्याकडे जातो. कलम १०० मधल्या बोज्यात हक्क तुमच्याकडेच राहतो, जमीन फक्त त्या पैशाला तारण म्हणून बांधलेली असते. पण नोंद राहिली तर विकताना किंवा नवं कर्ज काढताना अडेल, म्हणून ती काढून घेणं महत्त्वाचं. बँकेकडून कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र घ्या, त्यावर सही, शिक्का, कर्जखात्याचा नंबर आणि सर्व्हे नंबर तपासा, आणि ते जोडून बोजा कमी करण्याचा अर्ज तहसीलदार कचेरीत द्या. पोच घ्यायला विसरू नका. नोंद निघाल्यावर नवा उतारा काढून डोळ्यांनी बघा. कर्ज फिटलं की नोंद आपोआप जाईल या भरवशावर खूप लोक राहतात आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी जमिनीचा तुकडा विकायला निघाले की हा बोजा समोर येतो.

प्रश्न : मी पी. यू. सायन्सला (अकरावी-बारावीला) आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकले. तिथे ‘प्रभार’ होता. कन्नड माध्यमातून आलेल्या मैत्रिणी ‘विद्युदावेश’ म्हणतात. आता सगळं इंग्रजीत, नुसतं ‘चार्ज’. फोनमध्ये भरतो तो चार्ज आणि इलेक्ट्रॉनवरचा चार्ज एकच का? (विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : पोरी, प्रश्न फार छान विचारलास. याचं उत्तर थोडं सावकाश देते.

विजेला ‘चार्ज’ हा शब्द लागला तो तोफखान्यातून. १७४५-४६ च्या सुमारास युरोपात लायडनची बरणी निघाली, काचेच्या बरणीत वीज साठवायची युक्ती. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन त्या बरण्यांवर प्रयोग करत होता. वीज हा एक प्रवाही पदार्थ आहे, तो बरणीत भरता येतो, अशी त्याची कल्पना. बंदुकीत दारू भरतात तशी बरणीत वीज भरायची, म्हणून बरणी ‘चार्ज’ केली. अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्या त्याला त्यानं नाव दिलं ‘बॅटरी’, म्हणजे ओळीनं मांडलेल्या तोफा. तुझ्या फोनच्या बॅटरीला आणि तिच्या चार्जला अशी दोन्ही नावं तोफेच्या मागून आलीत. ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ हेही विजेच्या बाबतीत त्यानंच रुजवलं. त्याच्या हिशेबात, जास्त भरलेलं ते पॉझिटिव्ह, कमी असलेलं ते निगेटिव्ह.

आता तुझा खरा प्रश्न. इलेक्ट्रॉनवरचा चार्ज हा त्याचा गुणधर्म आहे. तो भरता येत नाही, काढताही येत नाही. फोन ‘चार्ज’ होतो तेव्हा त्यात जास्तीचे इलेक्ट्रॉन साठून राहत नाहीत. एका टोकानं जितके आत आले तितकेच दुसऱ्या टोकानं बाहेर जातात. एकूण प्रभाराच्या हिशेबानं रिकामा फोन आणि पूर्ण भरलेला फोन सारखेच. बॅटरीत भरली जाते ती ऊर्जा. चार्जरनं जोर लावून लिथियमचे आयन बॅटरीच्या एका बाजूकडून दुसरीकडे ढकललेले असतात, ते परत येताना काम करतात. म्हणून शास्त्राच्या पेपरात ‘मोबाईलमध्ये चार्ज साठतो’ असं लिहू नकोस.

तरी बॅटरीवर लिहिलेला आकडा प्रभाराचाच असतो, हे गमतीचं आहे. ५००० मिलीअँपिअर-तास म्हणजे ५ अँपिअर प्रवाह एक तासभर. तासाचे ३६०० सेकंद, म्हणून ५ गुणिले ३६००, म्हणजे १८,००० कूलॉम (कूलॉम हे प्रभार मोजायचं एकक). एवढा प्रभार बॅटरी रिकामी होईपर्यंत तारेतून वाहून जातो. एका कूलॉममध्ये साधारण ६२ वर १७ शून्यं इतके इलेक्ट्रॉन. हा गुणाकार कागदावर करून बघ, मजा येते.

आणि तीन भाषांतल्या तीन शब्दांनी गोंधळून जाऊ नकोस. मराठीनं ‘प्रभार’ करताना ओझं धरलं, इंग्रजीच्या मुळाशी जाऊन. कन्नडनं ‘आवेश’ करताना अंगात काहीतरी संचारल्याचा अर्थ धरला, जसा हिंदीतही आहे. बसच्या दाराला हात लावल्यावर कोरड्या हवेत जो विजेचा बारीक चटका बसतो, तो आठवला तर मला ‘आवेश’ही मनापासून आवडतो. दोन्ही शब्द वहीत इंग्रजीशेजारी लिहून ठेव. सीमेवरच्या मुलीला हे तिन्ही फुकट मिळालेत, पुण्याच्या मुलीला मिळत नाहीत.

प्रश्न : पावसाळ्यात टीव्हीवर ‘राजापूर बॅरेजमधून इतका डिस्चार्ज’ असं सांगतात. दवाखान्यातला डिस्चार्ज आणि हा एकच का? (कृष्णाकाठचा एक वाचक, चिकोडी तालुका)

उत्तर : एकच. ‘डिस्’ लागला की ओझं उतरलं. पेशंट दवाखान्याच्या जबाबदारीतून सुटला, धरणातलं पाणी सुटलं, जखमेतला पू सुटला, सैनिक नोकरीतून सुटला. गाडीची बॅटरी डिस्चार्ज झाली की आपले मेकॅनिक म्हणतातच, “बॅटरी उतरली.” याहून चांगलं भाषांतर मला सुचणार नाही. पाण्यासाठी मराठीत ‘विसर्ग’ हा शब्द आहे, जखमेसाठी ‘स्राव’.

तुमच्यासाठी मात्र शब्दापेक्षा त्यातला आकडा मोलाचा. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८.३ लिटर. म्हणजे एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ लाख लिटरहून जास्त. महाराष्ट्रातून राजापूर बॅरेजचं पाणी आणि आपल्या बाजूनं दूधगंगेचं पाणी मिळून कृष्णा फुगते आणि कल्लोळ-यडूरचा बंधारा पाण्याखाली जातो, हे तुम्ही दर मोठ्या पावसात बघता. टीव्हीवरचा आकडा नुसता राजापूरचा आहे की दूधगंगेसह, एवढं कान देऊन ऐका. दोन्ही आकडे वेगळे असतात आणि जनावरं कधी हलवायची ते त्यावर ठरतं.

प्रश्न : चार्जशीट दाखल झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं लोक बोलतात. खरं काय? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : नाही, मुळीच नाही, आणि या गैरसमजापायी माणसं गावात तोंड दाखवायची बंद होतात, म्हणून स्पष्ट लिहिते. एफआयआर म्हणजे खबर. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयाला जो अहवाल देतात त्याला चार्जशीट म्हणतात. मराठीत दोषारोपपत्र, कन्नडमध्ये आरोपपट्टी. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली दिलं जातं, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३ होतं. त्यानंतर न्यायालय ते वाचून ठरवतं की आरोप ठेवण्यासारखं काही आहे का. नसेल तर माणूस तिथेच ‘डिस्चार्ज’ होतो, म्हणजे दोषमुक्त. असेल तर न्यायाधीश ‘चार्ज’ निश्चित करतात, आरोपीला वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का. खटला खऱ्या अर्थानं सुरू होतो तो तिथून. साक्षी-पुरावे झाल्यावर माणूस सुटला तर ती निर्दोष मुक्तता. तिला डिस्चार्ज म्हणायचं नाही.

याचं मोठं उदाहरण आपल्या गावाशी जोडलेलं आहे. १८ मार्च १९२२ ला अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर गांधीजींवर ‘यंग इंडिया’तल्या लेखांबद्दल राजद्रोहाचे तीन चार्ज वाचले गेले. कलम होतं १२४-अ. गांधीजींनी प्रत्येक आरोप कबूल केला आणि सहा वर्षांची शिक्षा घेतली. आजारपणामुळे फेब्रुवारी १९२४ मध्ये त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी डिसेंबरात ते बेळगावला आले आणि काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. आयुष्यात एवढं एकच अधिवेशन त्यांनी अध्यक्ष म्हणून चालवलं. एकाच माणसानं इंग्रजांनी ठेवलेला चार्ज मान खाली न घालता घेतला आणि लोकांनी दिलेला चार्जही घेतला. हा पाठ शिकवताना वर्ग शांत व्हायचा, आणि माझाही आवाज जड व्हायचा.

प्रश्न : बाई, लाईट बिलावर वापर शून्य असला तरी ‘फिक्स्ड चार्ज’ का? (वडगाव)

उत्तर : हा आकार विजेच्या वापराचा नाही, जोडणीचा आहे. तुमच्यासाठी जेवढा भार मंजूर केलाय, त्याच्या दर किलोवॅटमागे तो लागतो. बिलावर मंजूर भाराचा आकडा असतो, तो घरातल्या गरजेपेक्षा जास्त नाही ना, बघून घ्या. आपल्या हेस्कॉम या वीज कंपनीच्या कन्नड बिलावर याला ‘निगदित शुल्क’ म्हणतात. वेंगुर्ला रस्त्यानं महाराष्ट्रातल्या शिनोळीत गेलात की तिथल्या मराठी बिलावर हाच ‘स्थिर आकार’ होतो.

प्रश्न : ग्रामपंचायतीत कामाला आहे. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) रजेवर आहेत, सेक्रेटरी काम बघतात. इंग्रजी पत्रात ‘इन चार्ज ऑफ’ लिहू की ‘इन द चार्ज ऑफ’? (एक वाचक, अथणी तालुका)

उत्तर : एका ‘द’नं ओझं एका डोक्यावरून दुसऱ्यावर जातं, म्हणून जपून. ‘द सेक्रेटरी इज इन चार्ज ऑफ द ऑफिस’ म्हणजे कार्यालयाचा भार सेक्रेटरींवर. ‘द ऑफिस इज इन द चार्ज ऑफ द सेक्रेटरी’ म्हणजेही तेच, पण वाक्य उलट्या बाजूनं. तुम्ही जर ‘द सेक्रेटरी इज इन द चार्ज ऑफ द ऑफिस’ लिहिलंत, तर कार्यालयच सेक्रेटरींना सांभाळतंय असा अर्थ होईल.

तसंच, ‘चार्ज्ड विथ’ लिहिताना पुढचा शब्द दोनदा वाचा. ‘चार्ज्ड विथ द ड्यूटी’ म्हणजे काम सोपवलं. ‘चार्ज्ड विथ’च्या पुढे चोरी आली तर तो आरोप झाला. दुकानदार पैसे घेतो तिथे ‘चार्ज फॉर’, आणि खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा असेल तर ‘चार्ज टू’. पत्रासोबत चार्ज-लिस्ट (सोपवलेल्या वस्तूंची यादी) जोडणार असाल तर किल्ल्या, शिक्के आणि डेड स्टॉक रजिस्टर पीडीओंच्या आणि सेक्रेटरींच्या, दोघांच्या सहीनं लिहून घ्या आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा.